उजव्या कुशीचा फुगवटा

रविवारी सकाळी प्रियदर्शिनी रामटेके सिंगापुरातल्या तुआसच्या कार्यशाळेत पोचली तेव्हा गाडीच्या पूजेची मांडामांड पूर्ण होत आली होती. पूजा यथासांग होती. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, पण रंगावर डाग पडू नये म्हणून आधी तिथे पारदर्शक फिल्म चिकटवलेली. चाकांखाली लिंबे ठेवायची, पण रस जुन्या रबराला लागू नये म्हणून प्रत्येक लिंबू प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. नारळ फोडायचा तो दाराबाहेर, पार्किंगमध्ये, पाण्याचा शिंतोडाही इकडे येणार नाही इतक्या अंतरावर. देवाला त्याचे सर्व काही मिळणार होते. गाडीला त्यातले काहीही लागणार नव्हते.

गाडीचे नाव व्हाल्सेरा. इटलीच्या उत्तरेकडील सपाट मुलुखात, एका छोट्या आणि लवकरच बुडालेल्या कारखान्यात, ती १९६८ साली तयार झाली. तिच्या कर्त्यांनी त्या काळी धाडस वाटावे असा बेत केला होता. बारा सिलिंडरांचे इंजिन नाकात न ठेवता चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे ठेवायचे, आणि तेही लांबीत नव्हे, आडवे. वजन मध्यावर आले की गाडी वळणावर अंग चोरत नाही. पण आडवे ठेवायला जागा कुठली? म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतीव पेटीत बसवले, दोघांना एकच तेल पाजले, आणि मग या सगळ्या दाटीवाटीवर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे कातडे चढवले. पत्रा लाकडी साच्यावर हातोडीने ठोकून आकाराला आणलेला. छताच्या मागून शेपटीपर्यंतचा सारा भाग, दोन्ही कुशींसकट, म्हणजे एकच अखंड झाकण. ते मागच्या बिजागऱ्यांवर उघडून उभे राही, तेव्हा एखाद्या मोठ्या प्राण्याच्या छातीचा पिंजरा उघडून आत हृदय दाखवावे तसे दिसे. आजही ते तसेच उघडे ठेवले होते. पाहुण्यांना बारा सिलिंडर दिसायला हवे होते.

गाडीचे मालक धवल सबनीस. मूळचे पुण्याचे, सिंगापुरात इतरांचा पैसा गुंतवण्याचा त्यांचा व्यवसाय, समुद्राकडे तोंड केलेल्या कॉन्डोत घर. जुन्या गाड्यांच्या या शौकीन मंडळींत एक शब्दप्रयोग मंत्रासारखा चाले: मॅचिंग नंबर्स. चॅसीवरचा आकडा, इंजिनावरचा आकडा आणि कारखान्याच्या दप्तरातला आकडा, तिन्ही जुळले की गाडी अस्सल. एकही चुकला तर ती कितीही उत्तम धावो, तिची पंगत वेगळी. पत्रिका जुळवणाऱ्या समाजाला हे शास्त्र शिकवावे लागत नाही. पहिल्या भेटीत धवलनी गाडीचे कुळ तपशीलवार सांगितले होते आणि मग हसतमुखाने विचारले होते, "रामटेके म्हणजे विदर्भातले ना? म्हणजे नक्की..." वाक्य त्यांनी सभ्यपणे अर्धेच सोडले. "नागपूरच्या," ती म्हणाली, आणि उरलेले अर्धे त्यांच्याकडेच राहू दिले.

ती मोजमापाची माणूस. डॉक्टरेट त्याच विषयातली. ज्या कंपनीत ती काम करी ती एरवी जहाजांचे पंखे आणि तेलविहिरींचे सुटे भाग मोजून द्यायची. व्हाल्सेरा हे कंपनीचे या क्षेत्रातले पहिले काम. लेझर फिरवून संपूर्ण गाडीचा आकार बिंदूबिंदूने संगणकात उतरवणे आणि नवा पत्रा कुठे, कसा घडवायचा ते ठरवणे हे तिच्याकडे होते. डावी कूस उत्तम होती. तिच्यावर कारखान्याचा शिक्काही होता. उजवी मात्र फुगलेली, ओबडधोबड, पुट्टी चोपडलेली. इंग्लंडमधल्या आधीच्या मालकाने ती कुठेतरी ठोकली असणार, असे तिला सांगण्यात आले. मिलानहून आलेल्या प्रमाणकर्त्याचेही तेच मत पडले. या गाड्यांवर ग्रंथ लिहिलेला हा वृद्ध गृहस्थ त्यांच्या अस्सलपणाचे दाखले देई. प्रियदर्शिनीने डाव्या कुशीचे माप घेतले आणि संगणकाला ते आरशात पाहायला सांगितले. एक आज्ञा, एक क्षण. जुनी उजवी कूस कापून भंगारात गेली आणि आरशातली कूस पत्र्यात उतरली. प्रमाणकर्त्याने दोन्ही बाजूंवरून एकाच वेळी दोन अंगठे फिरवले, डोळे मिटले आणि जाहीर केले की एवढी सम कारखान्यालाही कधी साधली नव्हती. त्या वाक्यावर कंपनीचे संचालक शैलेंद्र महिनाभर जगत होते. पुढच्या चार गाड्यांची बोलणी त्याच वाक्यावर सुरू झाली होती.

शनिवारी, गाडी शेवटची चाचणी-फेरी मारून परत आली, तेव्हा प्रियदर्शिनीने सहज म्हणून मागचे झाकण उचलले. उजव्या कुशीच्या आतल्या अंगाला, कोऱ्या पांढऱ्या रंगावर, एक तपकिरी रेघ उमटलेली होती. भाकरी तव्यावर थोडी जास्त राहिली की पडते तसल्या रंगाची. तिच्या समोर चॅसीवर पेट्रोलची रबरी नळी होती. एका जागी ती चपटी होऊन काचेसारखी चकाकत होती. आणि नळीच्या पलीकडे एक्झॉस्टचा पाइप.

तिने संगणकावर उजव्या बाजूचे जुने बिंदू पुन्हा काढले. खराब म्हणून आपणच बाजूला टाकलेले. पुट्टीचा थर नखाएवढाही जाड नव्हता. खाली सलग पत्रा होता, आणि त्या पत्र्यावर, आतून, हातोडीचे गोल ठसे एकाशेजारी एक, शिस्तीत बसवलेले. ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. धडक बसली की पत्रा आत जातो. बाहेर येत नाही. हे कळायला डॉक्टरेट लागत नाही. न कळायला मात्र बहुधा लागत असावी.

मग बाकीचे आपोआप उलगडले. ही गाडी इंग्लंडसाठी बनवलेल्या मोजक्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांपैकी. स्टिअरिंग आणि पेडल उजवीकडे नेले तेव्हा ब्रेकच्या नळ्यांनी नेहमीची वाट अडवली, आणि पेट्रोलच्या नळीला उजव्या बाजूने, थेट तापत्या पाइपाच्या शेजारून वर न्यावे लागले. झाकण बंद केल्यावर कुशीची आतली कड नळीला पाइपावर दाबू लागली असती. म्हणून कुणीतरी त्या बाजूचा पत्रा आतून ठोकून अकरा मिलिमीटर बाहेर काढला. नळी मोकळी राहिली आणि बाजूच्या झरोक्यातून आलेला वारा मधून वाहू लागला. तो फुगवटा हा अपघात नव्हता. तोच विचार होता. ग्रंथांत तो नव्हता, कारण ग्रंथ डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या पाहून लिहिले गेले होते. आणि ग्रंथात नाही ते नाहीच, हे मानण्याची आपल्याकडे जुनी, सन्माननीय परंपरा आहे. मिलानमध्येही असावी.

चाचणी एक्सप्रेसवेवर झाली होती. वेगात वारा आत शिरतो आणि नळीला वाचवतो. आज गाडी तुआसहून शहराच्या मध्यभागी नोव्हेनाला जाणार होती, एका रुग्णालयाच्या मदतनिधीसाठी निघालेल्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत: सावकाश, सिग्नलासिग्नलाला थांबत, दुपारच्या उन्हात. उभ्या गाडीत वारा नसतो. नळीतले पेट्रोल उकळले असते, रबर फाटले असते, आणि ते थेंब जिथे पडले असते तिथे तापलेले लोखंड होते. चालक धवल. शेजारच्या आसनावर त्यांची दहा वर्षांची मुलगी इरा.

हे तिने शनिवारीच शैलेंद्रना फोनवर सांगितले. उद्या सकाळी बघू, ते म्हणाले. सकाळी बघण्यासारखे काही उरले नव्हते. पाहुणे येणार म्हणून पॉलिशवाल्यांनी आतला पांढरा रंग घासून लख्ख केला होता, आणि जुनी नळी बरी दिसत नाही म्हणून तिथे नवीकोरी काळी नळी बसली होती. ती नळी बसवताना कुणी झाकण बंद करून पाहिले होते का, असे तिने विचारले. शैलेंद्र मूळचे मुंबईचे. संकट आले की त्यांचा आवाज मऊ होई.

"अहो, नवी नळी टाकलीय ना. अजून काय पाहिजे?"

"नवीसुद्धा तिथेच दाबली जाणार. पत्रा चुकीचा आहे, शैलेंद्र. माझा पत्रा चुकीचा आहे."

"सोमवारी उघडू. तुम्ही आणि मी, निवांत. आज फक्त एक तासाचा प्रश्न आहे, आणि गाडी साठच्या वर जाणारसुद्धा नाही."

"हळू जाणं हाच धोका आहे."

शैलेंद्रनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू पाणी ओले असल्याची तक्रार घेऊन ती आली होती. मग त्यांनी चार गाड्यांची आठवण करून दिली, तिच्या पासचे, म्हणजे इथे राहून नोकरी करण्याच्या परवान्याचे, नूतनीकरण याच तिमाहीत असल्याची, आणि इतके दिवस जिच्याबद्दल ती व्याख्याने देत होती त्या कुशीत आज अचानक खोट कशी निघाली, असा एक प्रश्नही विचारला. प्रश्न रास्त होता. तिने व्याख्याने दिली होती. दोन.

प्रमाणकर्त्याला तिने शनिवारी काढलेला फोनमधला फोटो दाखवला. त्याने चष्मा काढून तपकिरी रेघेकडे प्रेमाने पाहिले आणि 'पॅटिना' असा शब्द उच्चारला. वयाने येणारी शोभा, असा त्याचा या मंडळींत अर्थ. रंग आठवड्याभरापूर्वीचा आहे असे तिने सांगितले. त्यावर त्याने आपल्या ग्रंथातील आकृती सांगितली, ज्यात नळी डाव्या बाजूने जाते. नळी समोर, उजव्या बाजूला, हाताच्या अंतरावर होती. त्याने तिकडे पाहिले नाही. आकृती त्याला पाठ होती.

येऊन पाहा. नागपूरच्या विहारात लहानपणापासून हे दोन शब्द तिच्या कानांवर पडत आले होते: कुणी सांगितले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, या आणि स्वतः पाहा. आयुष्यभर तिने मोजमापाच्या यंत्रांवर ठेवलेली श्रद्धा मुळात त्याच दोन शब्दांवर उभी होती. आणि आज तिच्या हातात असा एकच दोष होता जो येऊन पाहता येत नव्हता. झाकण बंद असताना तो होता, पण दिसत नव्हता. पाहायला झाकण उघडले की कड नळीपासून दूर जाई आणि दोष नाहीसा होई. बंद करून पाहा, असे म्हणावे तर पाहुणे इंजिन पाहत होते. उघडून पाहा, असे म्हणावे तर समोर सुरेख मोकळी जागा.

परिवहन खात्याच्या क्रमांकावर रविवारचा ध्वनिमुद्रित आवाज होता. गाडी खात्याच्या तपासणीत याआधीच उत्तीर्ण झालेली होती. अर्थात उघड्या झाकणाने.

शेवटी ती धवलकडे गेली. त्यांनी सोवळे नेसलेले नव्हते; इटालियन सुती सदरा होता, पण कपाळावर गंध होते. तिचे सगळे त्यांनी ऐकून घेतले, मध्ये एकदाही न तोडता, आणि मग शैलेंद्रना हाक मारली.

"काय शैलेंद्र, रामटेके मॅडम म्हणतात आम्ही दोघं जळणार. आज की पुढच्या रविवारी?"

शैलेंद्र हसले. पाहुण्यांपैकी दोघे हसले. धवल तिच्याकडे वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरी, शुद्ध सहृदयता होती. "मॅडम, थकलायत तुम्ही. इतके महिने यात घालवलेत. काम संपत आलं की असं होतं, आमच्या धंद्यातसुद्धा होतं. आज तुम्ही पाहुण्या आहात. प्रसाद घ्या, बसा."

"सर, इराला तरी बसवू नका."

इथे मात्र ते हसले नाहीत. "माझ्या मुलीचं नाव यात आणू नका," ते म्हणाले, आणि गुरुजींकडे गेले.

ती भिंतीजवळच्या बाकाशी उभी राहिली. पत्रा ठोकायची हत्यारे तिथे आकाराप्रमाणे मांडून ठेवलेली होती, तीही आज धुऊन, पाहुण्यांना दाखवण्यासाठी. खिशात फोन थरथरला. तोआ पायोहच्या घरून एकताचा, तिच्या मुलीचा, संदेश: मम्मी, कॅन कम बॅक फॉर लंच ऑर नॉट, आजी ऑलरेडी कुक्ड लाह. आजी म्हणजे लीलाबाई, प्रियदर्शिनीची आई. एकता इथल्याच शाळेत वाढली. मराठी तिला समजे, पण उत्तर ती याच सिंगापुरी इंग्रजीत देई. आईचा मुक्काम आणि मुलीची शाळा, दोन्ही प्रियदर्शिनीच्या पासवर उभे होते; पास कंपनीवर; आणि कंपनी आज त्या कुशीवर.

किल्ली पळवता आली असती. नळी कापता आली असती. त्याने काय होणार होते? तासाभरात दुसरी किल्ली, दुसरी नळी. आणि मिरवणूक चुकलीच तर पुढच्या रविवारी बाप आणि लेक दोघेच ईस्ट कोस्टला समुद्राकाठी फिरायला. तिला हा रविवार थांबवायचा नव्हता. सगळे रविवार थांबवायचे होते.

तेव्हा तिला दाखला मिळाल्याच्या दिवशीचे जेवण आठवले. धवलनी प्रमाणकर्त्याला विचारले होते की दाखल्यानंतर पत्र्याला कुठे धक्का लागलाच तर दुरुस्ती कशी नोंदवायची. म्हातारा म्हणाला होता, दुरुस्ती नोंदवत नाहीत, धक्का नोंदवतात. मग पत्रा कितीही सुबक नवा करा, दप्तरात ती गाडी 'अपघातग्रस्त', कायमची. तिला अस्सल गाड्यांच्या रांगेत उभे करता येत नाही. ते ऐकून धवलनी हातातला घास खाली ठेवला होता. कुणाच्या मृत्यूच्या बातमीने नसता ठेवला असा.

कारण सांगून हा माणूस थांबला नाही. भीती घालून थांबला नाही. विटाळाने थांबेल. हे ज्ञान प्रियदर्शिनीला कुठल्या विद्यापीठाने दिलेले नव्हते; ते तिच्या घरात तीन पिढ्या आधीच येऊन राहिले होते, न बोलावता, आणि त्याचा उपयोग करायची पाळी आपल्यावर येईल असे त्या घरात कुणाला वाटले नव्हते.

तिने बाकावरची हातोडी उचलली. गोल तोंडाची, लाकडी दांड्याची, अपेक्षेपेक्षा हलकी.

गुरुजींचा मंत्र चालू होता. उघड्या झाकणाची उजवी कूस तिच्या खांद्याच्या उंचीवर होती, आतले पांढरे अंग तिच्याकडे. जुन्या ठशांची जागा तिला संगणकाशिवाय ठाऊक होती. पहिला घाव तिने घाबरत घातला आणि त्याने नुसता आवाज झाला. दुसरा घातला तेव्हा ॲल्युमिनियम मऊपणाने बाहेर गेले आणि पलीकडच्या लाल रंगाला तडा गेला. मग ती थांबली नाही. त्या इटालियन कारागिराने हे काम धीराने, पत्रा तापवत, निववत, गोलाई राखत केले असेल. तिला ती कला येत नव्हती. तिचा फुगवटा कुरूप निघाला, गळवासारखा, आणि रंगाचे पापुद्रे प्लास्टिकमधल्या लिंबावर पडत राहिले.

कुणीतरी तिचा हात धरला तेव्हा मंत्र थांबलेला होता.

धवल ओरडले नाहीत. ते गाडीच्या बाहेरच्या अंगाला आले, वाकले, आणि फुटलेल्या रंगावरून बोट फिरवले. त्यांच्या चेहऱ्यावरचे दुःख खोटे नव्हते. तिने ते पाहिले आणि तिला त्याची दया आली नाही, हेही तिने पाहिले.

"तुम्हाला हात लावू द्यायलाच नको होता," ते म्हणाले.

हे वाक्य तिला स्वतःला उद्देशून आयुष्यात पहिल्यांदाच ऐकायला मिळत होते. तिच्या आजीला त्यात नवीन काही वाटले नसते.

"झाकण बंद करा," ती म्हणाली. "एकदा बंद करून बघा. आता जागा आहे."

कुणीही बंद केले नाही. शैलेंद्रनी तिच्या गळ्यातले कार्ड स्वतःच्या हाताने काढून घेतले. एवढ्या गडबडीतही त्यांनी तिच्या केसांत दोरी अडकणार नाही याची काळजी घेतली. प्रमाणकर्ता कोपऱ्यात खुर्चीवर बसून फोनवर काहीतरी लिहीत होता, आणि ते काय असणार हे धवलना कळत होते, कारण ते गाडीकडे न पाहता त्याच्या अंगठ्यांकडे पाहत होते. इरा तेवढी जवळ आली. तिने नव्या, कुरूप फुगवट्याकडे पाहिले, मग वडिलांकडे.

"पप्पा, सो वी नॉट गोइंग, इझ इट?"

"नाही," धवल म्हणाले. "हिला घेऊन आता कुठे जायचं नाही."

प्रियदर्शिनीला त्या वाक्यात हवे होते ते मिळाले. रक्षकाने तिला दारापर्यंत सोडले. बाहेर नारळ फोडायची जागा तयार होती, झाडून, पाणी शिंपडून. ती तुआस लिंकच्या एमआरटी स्टेशनकडे चालू लागली तेव्हा मिरवणुकीतल्या बाकीच्या गाड्या तिच्या शेजारून रांगेने निघाल्या. सावकाश, हॉर्न वाजवत, टपांवर कागदी पताका.

पुढे काय झाले ते सांगण्यात फारसा अर्थ नाही, कारण काहीच झाले नाही. आग लागली नाही. जी आग लागली नाही तिचा पुरावा कुठेही सापडत नाही. प्रियदर्शिनीने शोधून पाहिले. तिने लिहिलेल्या अहवालाची पोच आली, उत्तर आले नाही. सिंगापुरातल्या मराठी मंडळींत ही हकिगत वेगवेगळ्या वळणांनी फिरली. एका वळणात ती आजारी होती. दुसऱ्यात तिला बढती नाकारली होती. तिसऱ्यात, जे बहुतेकांना सर्वांत पटले, हे सगळे 'त्या लोकांच्या' जुन्या रागातून आले होते. या तिन्ही वळणांत गाडी निर्दोष होती. पोलिसांकडे तक्रार मात्र गेली नाही. गेली असती तर नुकसानाचे वर्णन सरकारी कागदावर आले असते, आणि धवलना ते आणखी एका दप्तरात नको होते.

पास रद्द झाला. देश सोडायच्या आदल्या आठवड्यात, दुपारी, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये लीलाबाई स्टीलचे डबे वर्तमानपत्रांत गुंडाळून खोक्यात भरत होत्या. एकता आतल्या खोलीत होती. तिने आठवडाभर आईशी मोजकेच शब्द बोलायचे ठरवले होते आणि ती ते पाळत होती. "तुझ्या बापाच्या नोकरीपायी मी पाच गावं सोडली," लीलाबाई डब्यालाच सांगत होत्या, "हे सहावं. निदान या वेळी गाव गुळगुळीत होतं."

फोन वाजला. शैलेंद्र. आवाज मऊ होता, म्हणजे त्यांना काहीतरी हवे होते. आधी त्यांनी आईची प्रकृती विचारली. मग म्हणाले की धवल सरांनी एक निर्णय घेतलाय. गाडी आता चालवायची नाही. अपघातग्रस्त गाडी घेऊन चार लोकांत जाण्यापेक्षा ती कार्यालयाच्या स्वागतकक्षात काचेच्या खोलीत ठेवायची, वर दिवे सोडायचे, शिल्पासारखी. इंजिन फक्त दिसायला. त्यासाठी उजवी कूस पुन्हा नवी करून घ्यायचीय.

"तर सर्व्हरवर तुमच्या दोन फायली आहेत," शैलेंद्र म्हणाले. "एक जुन्या उजव्या बाजूची, ती वाकडीतिकडी. आणि एक ती सरळ, डावीवरून केलेली. पोरं विचारतायत, बरोबर कुठली?"

प्रियदर्शिनी खिडकीशी गेली. खाली हॉकर सेंटरची पत्र्याची छपरे उन्हात तापत होती.

"पेट्रोल काढलं का?"

"काय?"

"गाडीतलं पेट्रोल. टाकी रिकामी केलीत का?"

"हो, केव्हाच. काचेच्या खोलीत वास नको म्हणून. टाकी धुऊन कोरडी केलीय, बॅटरीसुद्धा काढली. आता ती कधीच सुरू व्हायची नाही." मग त्यांनीच विचारले, "का हो?"

"नक्की?"

"मी स्वतः उभा होतो, प्रियदर्शिनी."

लीलाबाईंनी मान वर करून लेकीकडे पाहिले. डब्यावर अर्धवट गुंडाळलेला कागद त्यांच्या हातात तसाच होता.

"मग कुठलीही वापरा," ती म्हणाली.